कौन्सिल हॉलपर्यंतची वाट

वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर दाभोळ आहे आणि समोर, दक्षिण काठावर, गोपाळगडाच्या सावलीत अंजनवेल. १९९२ साली ज्या वीजप्रकल्पाचा करार झाला त्याला नाव मिळाले दाभोळचे. जमीन गेली ती खाडीपलीकडच्या गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांची. महाराष्ट्राने मात्र त्याला एन्रॉन म्हणूनच ओळखले. एन्रॉनची आठवण निघाली की आजही एकच प्रश्न विचारला जातो: पैसे कोणी खाल्ले? प्रश्न रास्त आहे, आणि कोणाही नेत्यावरचा तसा आरोप कोणत्याही न्यायालयात आजवर सिद्ध झालेला नाही, हेही खरे आहे. पण तीस वर्षे याच एका प्रश्नाशी अडून राहिल्यामुळे दुसरा, अधिक खोलचा प्रश्न मागे पडला. कायदे आणि करार करणाऱ्यांच्या कानापर्यंत कोण पोचले, कोणत्या वाटेने पोचले, आणि त्या वाटेवर ज्यांना पाऊलही टाकता आले नाही त्यांचे काय झाले? रत्नागिरी जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. एन्रॉनच्या शंभरएक वर्षे आधी तो खोतीच्या रूपाने याच मातीत उभा राहिला होता. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली की दिसते ते असे: लाच हा राजकीय भ्रष्टाचाराचा एक प्रकार आहे, पण एकाच बाजूचे ऐकून, दुसऱ्या बाजूला कळूही न देता निर्णय होणे हा त्याचा पाया आहे, आणि हा पाया लाचेशिवायही घालता येतो.

दक्षिण कोकणातली बहुतांश गावे खोती होती. खोत हा मुळात सरकारचा वसुलीदार. गावाचा सारा त्याने सरकारात भरायचा आणि कुळांकडून आपण वसूल करायचा. या दोन रकमांमधले अंतर हीच खोताची कमाई आणि हेच त्याचे बळ. अर्धेलीने कसणाऱ्या कुळाच्या भातातला निम्मा वाटा खोताच्या कणगीत जाई, वरकस जमिनीवर तिरधेल, म्हणजे तिसरा हिस्सा, लागे, आणि त्यावर वेठ असे: खोताच्या शेतावर, घरी, पालखीला फुकट राबणे. इंग्रजी अमदानीत सर्वेक्षण आले तेव्हा खोत हा जमिनीचा मालक आहे की केवळ वसुलीचा वतनदार, हा वाद पेटला. मालक ठरला तर कूळ त्याच्या मर्जीवर राहणार. वतनदार ठरला तर कुळाचा हक्क सरकारदफ्तरी नोंदवता येणार. हजारो कुटुंबांच्या पिढ्यानुपिढ्यांचे भवितव्य या एका व्याख्येवर टांगलेले होते, आणि ती व्याख्या मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठरणार होती.

त्या कौन्सिलात कूळ नव्हते, खोत होता. विश्वनाथ नारायण मंडलिक हे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे, खोत घराण्यातले, नामांकित वकील आणि हिंदू धर्मशास्त्राचे पंडित. १८७४ साली त्यांची मुंबईच्या कौन्सिलावर नेमणूक झाली आणि खोतीच्या प्रश्नावर त्यांनी तिथे खोतांची बाजू हिरिरीने मांडली. मंडलिकांनी कोणाकडून पैसा घेतला असे कोणी म्हटलेले नाही, आणि म्हणण्याचे कारणही नाही. त्यांचा व्यासंग आणि त्यांची सचोटी दोन्ही वादातीत होत्या. आपण न्यायाची बाजू मांडत आहोत अशीच त्यांची श्रद्धा असणार. मुद्दा नेमका तोच आहे. पुढे १८८० चा खोती सेटलमेंट कायदा झाला. त्याने कुळांच्या एका वर्गाचे वहिवाटीचे हक्क मान्य केले, पण ती जमीन वारसाने मिळाली तरी खोताच्या संमतीवाचून दुसऱ्याकडे देता येणार नाही अशी मेख मारून ठेवली. खोताची पकड सैल झाली, सुटली नाही. हा तोल ठरवताना खोतांचे म्हणणे कौन्सिलात बसलेल्या विद्वानाच्या तोंडून ऐकले गेले. कुळांचे म्हणणे जेवढे आले तेवढे साहेबांच्या अहवालांतून, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात आले. हितसंबंध प्रामाणिक माणसाच्या बुद्धीतूनही बोलतो, आणि तो एकटाच बोलत असेल तर त्याचे मत हेच सत्य वाटू लागते. रत्नागिरीच्या इतिहासाने शिकवलेला हा पहिला धडा.

दुसरा धडा द्यायला अर्धे शतक लागले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावाशी ज्यांच्या घराण्याचे नाते होते त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांचा संप तेव्हा चालूच होता. विधेयक सौम्य होते: खोतांना वाजवी भरपाई आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमिनीचा हक्क. तरीही ते पुढे सरकेना. मग जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले आणि इतर जिल्ह्यांतले हजारो शेतकरी मुंबईत आले आणि मोर्चाने कौन्सिल हॉलकडे निघाले. त्यांचे शिष्टमंडळ मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांना भेटले. म्हणजे कुळांनीही आपले गाऱ्हाणे कायदेमंडळाच्या दारात नेले. आजच्या भाषेत त्यांनी लॉबिंग केले. फरक एवढाच की त्यांच्या मागण्या भर रस्त्यात घोषणा देऊन मांडल्या गेल्या, वर्तमानपत्रांत छापून आल्या, आणि खोतांना त्या वाचून उत्तर देता येत होते. तरी विधेयक मताला आलेच नाही. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विषय थंडावला. खोती संपली ती १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने. उघडपणे आलेल्या हजारो माणसांना जे मिळवायला बारा वर्षे लागली, त्याच्या आड आलेल्या मूठभरांना एकदाही रस्त्यावर उतरावे लागले नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९९२ चा जून महिना पाहावा. वर्षभरापूर्वी देशाने आर्थिक धोरण बदलले होते, वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली केली होती, आणि केंद्राचे अधिकारी गुंतवणूकदारांना बोलावण्यासाठी अमेरिकेत जाऊन आले होते. जूनच्या मध्यास ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीचे पथक भारतात आले आणि २० जूनला महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने त्या कंपनीशी सामंजस्य करार केला. स्पर्धात्मक निविदा निघाली नाही. कंपनीला जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांची साथ होती. क्षमता दोन हजार मेगावॉटच्या वर, इंधन आयात केलेला द्रवरूप नैसर्गिक वायू, आणि खर्च पुढे तीन अब्ज डॉलरच्या घरात गेला. आठवड्याच्या आत ठरलेल्या या व्यवहाराने गुहागरच्या खडपाळ सड्याचे आणि वाशिष्ठीच्या मुखाचे भवितव्य ठरले. जागतिक बँकेने १९९३ साली या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला. राज्याच्या गरजेच्या मानाने प्रकल्प फार मोठा आहे, महाग वायूची वीज घेण्यासाठी स्वस्त कोळशाची वीज बाजूला सारावी लागेल, आणि हे आर्थिकदृष्ट्या परवडणारे नाही, असे तिचे म्हणणे होते. खासगीकरणाची पुरस्कर्ती बँक हे सांगत होती. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदी करार झाला. मंडळाने वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे मोजायचे, ते डॉलरच्या हिशेबाने मोजायचे, वर राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी, अशी त्याची रचना होती. आणि हा करार बराच काळ गोपनीय ठेवला गेला. ज्यांच्या बिलातून पैसे जाणार होते त्यांना तो वाचायला मिळत नव्हता.

या वाटाघाटींत कंपनीचा खर्च किती झाला, हे आपल्याला विधानसभेतून कळले नाही. जानेवारी १९९५ मध्ये एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीपुढे साक्ष दिली की शिक्षण आणि प्रकल्पविकास या कामांवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. शिक्षण कोणाचे, असे महाराष्ट्राने विचारले आणि तो शब्द इथे कुप्रसिद्ध झाला. लाच दिल्याचा आरोप कंपनीने नेहमीच नाकारला. प्रशिक्षण, सल्लागार, वकील, प्रवास असा हा खर्च होता, हे तिचे म्हणणे खरे धरले तरी एक गोष्ट उरते: महाराष्ट्रातल्या निर्णयावर प्रभाव पाडण्यासाठी झालेल्या खर्चाचा आकडा महाराष्ट्राला वॉशिंग्टनमधल्या नोंदींतून मिळाला. तिथे कायदेमंडळाच्या समित्यांपुढच्या साक्षी जाहीर होतात आणि लॉबिंगची नोंद सक्तीची करणारा कायदा आहे. आपल्याकडे अशी नोंद ठेवायला लावणारा कायदा तेव्हा नव्हता आणि आजही नाही. २०१२ साली वॉलमार्टच्या लॉबिंगखर्चाचा विषय संसदेत गाजला तोही अमेरिकेच्या सेनेटकडे दिलेल्या विवरणपत्रांमुळेच. दुसऱ्याच्या खिडकीतून आपले घर पाहावे लागणे ही लोकशाहीसाठी लाजिरवाणी गोष्ट आहे.

प्रभाव टाकणारी यंत्रणा एका पक्षापुरती थांबत नाही, हे एन्रॉन प्रकरणाने स्पष्ट दाखवले. मूळ करार झाले तेव्हा राज्यात आणि केंद्रात काँग्रेसची सरकारे होती. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली आणि सत्ता मिळवली. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने निविदा न काढल्याबद्दल आणि व्यवहारातल्या गुप्ततेबद्दल ताशेरे ओढले. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी करार रद्द झाल्याचे विधानसभेत जाहीर केले. सरकार फसवणुकीचा आरोप घेऊन उच्च न्यायालयातही गेले. कंपनीने लंडनमध्ये लवादाचे दार ठोठावले, अमेरिकेच्या सरकारनेही नाराजी उघड केली. नोव्हेंबरच्या आरंभी कंपनीच्या रिबेका मार्क यांनी मातोश्रीवर बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली, फेरवाटाघाटीसाठी समिती नेमली गेली, आणि दोनेक आठवड्यांत प्रकल्प पुन्हा उभा राहिला. कागदावर दर उतरला. पण क्षमता वाढली, आणि आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही मंडळाच्या गळ्यात पडला. निविदा या खेपेसही नव्हती. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने सत्तेच्या अगदी अखेरच्या घटकांत प्रतिहमीला मान्यता दिली. सिटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांची प्रकल्पाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये फेटाळली, पण प्रकल्प पुनरुज्जीवित करताना राज्यातल्या युती सरकारनेही आधीच्या सरकारसारखेच वागून पारदर्शकतेचा आपलाच आग्रह विसरल्याचे त्या निकालात नमूद केले. भारतातले अमेरिकेचे राजदूत फ्रँक विस्नर पद सोडल्यावर १९९७ साली एन्रॉनच्या एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले. यातले प्रत्येक पाऊल कायद्याच्या चौकटीत बसवता येईल, आणि म्हणूनच केवळ लाचखोर हुडकणारी नजर त्यावरून निसटून जाते.

ज्यांना या वाटेवर प्रवेश नव्हता त्यांचे काय झाले, हे वेलदूरला विचारावे. खाडीत मासे मारून जगणाऱ्या कोळ्यांना गरम पाणी आणि बोटींची वर्दळ यांची धास्ती होती. शेतकऱ्यांना पाण्याची आणि आंबा-काजूची. त्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले, न्यायालयात गेले. मृणाल गोरे, डॉ. प. बा. सामंत, मेधा पाटकर, माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील ही माणसे त्यांच्याबरोबर उभी राहिली. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने कराराचे आर्थिक गणित उलगडून दाखवले. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या वस्तीत पोलीस शिरले आणि बायकांना घराबाहेर ओढून मारहाण व अटक झाली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या संघटनांनी त्याची सविस्तर नोंद केली आहे. प्रकल्पस्थळी ठेवलेल्या राखीव पोलिसांचा खर्च कंपनी राज्याला देत होती, हेही ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात आहे. एका बाजूसाठी दिवाणखान्याची दारे उघडी होती आणि दुसऱ्या बाजूला जमावबंदीचे आदेश होते. १९३८ च्या कुळांना निदान मुख्यमंत्र्यांसमोर उभे राहता आले होते.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. रुपया घसरला, या टप्प्यात इंधन म्हणून वापरला जाणारा नाफ्था महागला, मंडळाने वीज कमी उचलली, आणि स्थिर आकार कमी युनिटांवर विभागला गेल्यामुळे २००० साली काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेला. मंडळाची थकबाकी झाली, प्रतिहमी वटवण्याची वेळ आली, आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. डिसेंबरमध्ये एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली. माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिल २००१ मध्ये अहवाल दिला तेव्हा त्यात एकट्यादुकट्याकडे बोट नव्हते. केंद्र आणि राज्य, वेगवेगळी सरकारे, वेगवेगळ्या यंत्रणा, सगळ्यांच्या पातळीवर कारभाराचेच अपयश तिला दिसले. न्यायमूर्ती कुर्डूकर आयोग नेमला गेला, पण चौकशी तडीस गेली नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात हा विषय मिटला. भारतीय बँकांचा बुडता पैसा आणि बंद यंत्रे सांभाळण्यासाठी २००५ साली सरकारी कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर उभी केली. ओझे शेवटी आले ते जनतेच्याच खांद्यावर.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गंभीरपणे ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की राज्याला वीज हवी होती, उद्योग थांबले असते, अशा वेळी निविदांचा घोळ परवडत नाही. पण घाई कुठे झाली ते पाहावे. सही आठवड्याच्या आत झाली. वीज आली सात वर्षांनी. त्यातली काही वर्षे तर वाद, रद्दबातलता आणि फेरवाटाघाटी यांतच गेली, आणि हे सारे निघाले ते पहिल्या सहीच्या गुप्ततेतून. खुल्या स्पर्धेला वर्ष लागले असते तरी वेळ वाचला असता. दुसरा आक्षेप असा की लॉबिंग हा प्रत्येकाचा हक्क आहे. उद्योगाने आपले म्हणणे मांडू नये काय? जरूर मांडावे. १९३८ चा मोर्चाही त्याच हक्काचा वापर होता आणि मंडलिकांचे भाषणही. कौन्सिलातल्या भाषणाचे निदान इतिवृत्त राहिले, म्हणून दीडशे वर्षांनीही आपण त्याची चिकित्सा करू शकतो. जून १९९२ च्या चर्चांत कोण कोणाला काय म्हणाले, याची तशी जाहीर नोंद नाही. परकीय राजवटीतल्या नेमलेल्या सभासदांच्या कौन्सिलात जेवढी नोंद राहिली तेवढीही स्वतंत्र भारतातल्या एवढ्या मोठ्या व्यवहाराची राहू नये, ही तुलना बोचणारी आहे आणि ती टाळता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: लाच सिद्ध झाली नाही, मग भ्रष्टाचार हा शब्द कशासाठी? व्यक्तींवर सिद्ध न झालेला गुन्हा लादू नये, हे मान्यच आहे. परंतु भ्रष्ट होणे म्हणजे मूळ हेतूपासून ढळणे. वीज मंडळ ग्राहकांसाठी होते, विधानसभा मतदारांसाठी होती, पोलीस गावाच्या रक्षणासाठी होते. तिन्ही संस्था आपल्या हेतूपासून ढळल्या आणि त्यासाठी एका नोटेचाही पुरावा लागत नाही. उलट लाचेचा पुरावा हीच भ्रष्टाचाराची एकमेव कसोटी मानली की प्रत्येक बाजूला सोयीचे होते. विरोधक आरोप करून निवडणूक जिंकतात, सत्ताधारी पुरावा नाही म्हणून सुटतात, सत्ता पालटते, आणि बंद दार तसेच राहते. १९९५ साली महाराष्ट्राने हे उघड्या डोळ्यांनी पाहिले.

दार काही अंशी उघडले आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९९९ साली राज्यात वीज नियामक आयोग आला आणि दरवाढीवर जाहीर सुनावणी होऊ लागली. मंडळाच्या हिशेबावर सामान्य ग्राहक बोलू लागला. महाराष्ट्राने २००२ साली आणि देशाने २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. २००३ च्या वीज कायद्यात स्पर्धात्मक बोलीची तरतूद आली. यातली प्रत्येक सुधारणा दाभोळच्या अनुभवाला उत्तर म्हणून पाहता येते. पण ही उत्तरे प्रस्ताव कागदावर आल्यानंतरच लागू होतात. निर्णय होण्याआधी मंत्र्याला, सचिवाला, आमदाराला कोणत्या कंपनीच्या वतीने कोण भेटले, काय मागितले, पद सोडल्यावर कोण कोणाच्या नोकरीत गेले, याचे जाहीर रजिस्टर ठेवायला आपल्याकडे कोणीही बांधील नाही. जैतापूर, नाणार, बारसू या प्रकल्पस्थळांच्या नावांभोवती जिल्ह्यात जो अविश्वास दाटला त्याला विकासविरोध म्हणून हिणवणे सोपे आहे. तो अविश्वास अनुभवातून आलेला आहे: प्रकल्पाची बातमी गावात पोचते तेव्हा ठरायचे ते ठरून गेलेले असते. म्हणून मागणी साधी आहे. कंपनीने भेटावे, मोर्चानेही भेटावे, आणि दोन्ही भेटींची तारीख, विषय आणि मागणी एकाच वहीत लिहिली जावी, जी वही वेलदूरच्या कोळणीलाही सही होण्याआधी वाचता येईल.